पाइप फुटला, सीलिंग खाली आलं, आता ते टॅक्समध्ये वजा होईल का?

पत्र टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून आलंय, बरंच मोठं आहे, म्हणून लागेल तेवढंच इथे देते:

"ताई, नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी गणपतीला पुण्याला गेलो होतो आणि इकडे घरी वरच्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनचा होज फुटला. शेजाऱ्यांना गॅरेजच्या दाराखालून पाणी वाहताना दिसलं तेव्हा कळलं, तोपर्यंत खालच्या दोन खोल्यांचं सीलिंग खाली आलं होतं, लाकडी फ्लोअर फुगून वर आला होता आणि मिसेसच्या क्लासची खोली पूर्ण गेली (ती घरी मुलांचे अबॅकसचे क्लास घेते, त्याचं उत्पन्न आम्ही रिटर्नमध्ये दाखवतो). दुरुस्तीला एकूण ३७,००० डॉलर लागले. इन्शुरन्सने २६,००० दिले. उरलेले ११,००० आमच्या खिशातून गेले. ऑफिसमधला एक मित्र म्हणतो की याला कॅज्युअल्टी लॉस म्हणतात आणि ते पूर्ण टॅक्समधून वजा होतं, त्याने स्वतः केलंय. सॉफ्टवेअर कुठला तरी डिझास्टर नंबर मागतंय तर तो म्हणाला ऑगस्टच्या आसपासचा टेक्सासचा कुठलाही नंबर शोध आणि टाक, कोणी बघत नाही. आमचं दोघांचं मिळून उत्पन्न १ लाख ६० हजारच्या आसपास आहे, ग्रीन कार्ड आहे, पुढच्या वर्षी सिटिझनशिपला अर्ज करायचाय. १५ एप्रिल जवळ आलीय. टाकू का? आणि नाही टाकलं तर हे ११,००० गेलेच का?"

दादा, आधी एक, घर असं झालेलं बघून काय वाटतं ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळतं, तुम्ही आठ हजार मैलांहून जास्त लांब, हातात फोन आणि व्हॉट्सॲपवर शेजाऱ्यांनी पाठवलेले फोटो, आरतीत लक्ष कुठून लागणार. पत्रात तुम्ही हे सगळं दोन ओळीत संपवलंय पण मला ते जाणवलं. कोणाला काही झालं नाही हे फार चांगलं झालं.

आता उत्तर. तो नंबर टाकू नका. आणि नाही, ११,००० सगळेच्या सगळे गेलेले नाहीत, त्यातले बरेचसे परत मिळू शकतात, पण ते आय.आर.एस.कडून, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडून नाही, तुमच्याच इन्शुरन्स कंपनीकडून, आणि त्याची मुदत चालू आहे. ते खाली सविस्तर सांगते कारण खरे पैसे तिथेच आहेत, पण आधी टॅक्सचं निपटवू म्हणजे मित्राचा विषय डोक्यातून जाईल.

तुमचा मित्र जे सांगतोय ते एके काळी खरं होतं. अमेरिकेत १९१३ साली इन्कम टॅक्सचा कायदा आला तेव्हापासून आग, वादळ असल्या कारणाने झालेलं आणि विम्याने न भरलेलं नुकसान वजा करता यायचं. पुढे त्याला चाळण्या लागत गेल्या, १९६० च्या दशकात प्रत्येक घटनेमागे पहिले १०० डॉलर वगळायचे असं ठरलं, १९८० च्या दशकात उत्पन्नाच्या १०% इतकं नुकसान आधी स्वतः सोसायचं आणि त्याच्या वरचंच वजा करायचं असं आलं. तरीही घरात अचानक पाइप फुटला, किचनला आग लागली, झाड छपरावर पडलं हे सगळं त्यात बसायचं. मग २०१७ च्या टॅक्स कायद्याने हे दार बंद केलं. २०१८ पासून स्वतः राहत असलेल्या घराचं, गाडीचं, सामानाचं नुकसान फक्त तेव्हाच वजा होतं जेव्हा ते राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेल्या फेडरल आपत्तीमुळे झालेलं असतं. हा नियम २०२५ अखेर संपेल असं आधी होतं, म्हणून बरेच लोक वाट बघत होते, पण जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने तो कायमचा करून टाकला. नेटवर शोधलंत तर अजूनही जुनी माहिती ढिगाने सापडते आणि लोक तीच एकमेकांना फॉरवर्ड करतात, मित्र मुद्दाम फसवतोय असं मला वाटत नाही, त्याने २०१७ च्या आधी केलं असेल तर त्याचं बरोबरही असेल.

म्हणजे प्रश्न नुकसान किती झालं हा राहिलेलाच नाही, कशामुळे झालं हा आहे. तुमच्याच राज्यातली उदाहरणं बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये ती भयंकर थंडीची लाट आली, वीज गेली, डॅलस-ह्यूस्टनकडे घराघरात पाइप गोठून फुटले, तुम्ही तिकडे असाल तर आठवत असेलच. तिथेही पाइपच फुटला, सीलिंगच खाली आलं, पण ती जाहीर झालेली फेडरल आपत्ती होती म्हणून ते नुकसान वजावटीला पात्र. जुलै २०२५ च्या सुरुवातीला केर काउंटीत ग्वाडालुपे नदीला पूर आला, इतकी माणसं आणि लहान मुलं गेली, तिथल्या घरांचं नुकसान पात्र. तुमचा होज एका साध्या दिवशी जुना झाला म्हणून फुटला, तो नाही. हे अन्यायाचं वाटतं ना? मलाही वाटतं. पाणी तेच, भिंत तीच, खर्च तोच, आणि एकाला सवलत आणि दुसऱ्याला काही नाही, घरातल्या अपघाताने एखादं कुटुंब पुरानेच गेल्यासारखं कोलमडू शकतं. पण कायदा आज असा आहे आणि रिटर्न आजच्या कायद्यावर भरायचं असतं.

आणि एक गोष्ट सांगते म्हणजे हळहळ जरा कमी होईल. जुना नियम आज असता तरी तुम्हाला एक डॉलर मिळाला नसता. हिशोब करून बघा, तुमच्या खिशातून गेलेले ११,०००, त्यातून १०० काढले, उरले १०,९००. आता १ लाख ६० हजारचे १०% म्हणजे १६,०००. नुकसान १६,००० च्या वर जातच नाही, म्हणजे वजावट शून्य. शिवाय ती घ्यायला खर्च एकेक करून दाखवावे लागतात आणि २०२५ साठी नवराबायकोचं एकत्र स्टँडर्ड डिडक्शनच, म्हणजे खर्च न दाखवता सगळ्यांना मिळणारी सरसकट वजावट, ३१,५०० आहे, त्याच्या वर गेलं तरच उपयोग. त्यामुळे मित्राने "पूर्ण वजा होतं" म्हटलंय ते जुन्या काळातही क्वचितच कोणाचं झालं असेल.

मग तो डिझास्टर नंबर. फॉर्म ४६८४ वर, म्हणजे असं नुकसान दाखवायच्या फॉर्मवर, फेमाचा (फेडरल आपत्ती खात्याचा) नंबर मागतात तो याच कारणाने, की तुमचं नुकसान त्या अमुक आपत्तीमुळे झालं असं तुम्ही सही करून सांगताय. कुठला तरी नंबर शोधून टाकला तर ती चूक राहत नाही, ते खोटं विधान होतं. निष्काळजीपणाने वजावट घेतली असं ठरलं तर न भरलेल्या टॅक्सवर २०% दंड असतो, आणि जाणूनबुजून केलेली फसवणूक असं ठरलं तर ७५%. साधारणपणे आय.आर.एस.ला तपासायला तीन वर्षं असतात पण फसवणूक असेल तर कुठलीच मुदत नसते. तुमची काउंटी, तुमचा पत्ता, घटनेची तारीख आणि त्या नंबरची आपत्ती, हे जुळवून बघायला कोणाला फार वेळ लागत नाही. आणि तुम्ही पुढच्या वर्षी सिटिझनशिपला जाताय. त्या अर्जात टॅक्सबद्दल प्रश्न असतात, इंटरव्ह्यूला बऱ्याचदा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे आय.आर.एस.कडची तुमच्या रिटर्नची नोंद, बघतात. इतकी वर्षं व्हिसा, लेबर, आय-१४०, प्रायॉरिटी डेट अशी ग्रीन कार्डाच्या एकेका पायरीची वाट बघत काढली असतील तुम्ही, ते सगळं दोन-अडीच हजारांसाठी पणाला लावायचं? कारण आकडा तेवढाच आहे बरं का, समजा खोटं टाकून मोठ्या आपत्तींची खास सवलत घेतली (तिच्यात फक्त पहिले ५०० वगळतात, ते शेवटी सांगितलंय) आणि १०,५०० वजा केले, तुमच्या २२% च्या स्लॅबला त्याचे २,३१० डॉलर होतात. त्याच्यासाठी नको हो.

आता जे महत्त्वाचं आहे ते.

तुम्ही पत्रासोबत इन्शुरन्सच्या एस्टिमेटचं शेवटचं पान पाठवलंत हे फार बरं केलंत. ते पान परत उघडा. खाली चार आकडे आहेत. पहिला आर.सी.व्ही., ३५,२००, म्हणजे नवीन बसवायला जेवढा खर्च येईल असं त्यांच्या ॲडजस्टरने, म्हणजे नुकसान बघायला आलेल्या माणसाने, धरलं तो. त्याच्या खाली डेप्रिसिएशन, ५,२००, म्हणजे फ्लोअर आणि कार्पेट जुनं होतं म्हणून धरलेला घसारा. मग ए.सी.व्ही., ३०,०००, म्हणजे घसारा कापून उरलेली किंमत. त्यातून तुमचं डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आधी स्वतः सोसायची रक्कम, ४,००० गेलं, टेक्सासमध्ये ते बऱ्याचदा घराच्या कव्हरेजच्या १% किंवा २% असतं, तुमचं कव्हरेज ४ लाखांचं म्हणजे १% झालं. आणि हातात आले २६,०००. बरोबर?

तर त्या ५,२०० च्या समोर एक शब्द छापलाय, रिकव्हरेबल. त्याचा अर्थ हे पैसे तुमचेच आहेत, त्यांनी फक्त धरून ठेवलेत. तुमची पॉलिसी रिप्लेसमेंट कॉस्टची आहे, त्यात कंपनी आधी घसारा कापून चेक देते आणि तुम्ही खरंच दुरुस्ती केल्याची बिलं दाखवलीत की कापलेला घसारा परत देते. पण तो आपोआप येत नाही, मागावा लागतो, आणि मागायची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते, बऱ्याच पॉलिसींत ती घटनेपासून वर्षभराच्या आसपास असते. तुमचा होज ऑगस्टमध्ये फुटला. म्हणजे अजून हातात वेळ आहे पण मुदत नक्की किती ते आजच पॉलिसी काढून बघा, "लॉस सेटलमेंट" असं शीर्षक असलेल्या भागात सापडेल. मी असे कित्येक लोक बघितलेत ज्यांनी पहिला चेक आला तोच शेवटचा समजून फाइल कपाटात टाकली. कोणी सांगतच नाही ना. कॉन्ट्रॅक्टरचं फायनल बिल, तुम्ही पैसे दिल्याचा पुरावा म्हणजे चेकची कॉपी किंवा कार्डचं स्टेटमेंट, आणि काम पूर्ण झाल्यानंतरचे फोटो, एवढं सगळं क्लेम नंबर टाकून ईमेलने पाठवा, फोनवर बोलू नका, बोललात तरी मागून एक ईमेल टाका की आज अमुक बोलणं झालं. मॉर्गेज आहे म्हणून चेकवर कदाचित बँकेचंही नाव येईल, मग त्यांची सही घ्यायला आणखी काही आठवडे जातात, तेही धरून चाला.

आता हिशोब बघा कसा बदलतो. तुमचे ११,००० कुठून आले? ४,००० डिडक्टिबल, ते तुमचंच. ५,२०० धरून ठेवलेला घसारा, तो परत मिळायला हवा. राहिले १,८००, आणि तुम्हीच लिहिलंय की फ्लोअर बदलतोच आहोत तर जरा चांगल्या प्रतीचं घेतलं, म्हणजे ते अपग्रेडचे, ते कोणीच देणार नाही. म्हणजे खरं नुकसान ११,००० नाहीच.

आणि दुरुस्ती चालू असताना पहिले काही आठवडे तुम्ही हॉटेलात राहिलात असं पत्रात ओझरतं आलंय, त्याचा क्लेम केला का? घर राहण्यालायक नसताना राहण्याचा आणि बाहेर खाण्याचा जो जास्तीचा खर्च होतो तो घराच्या बहुतेक पॉलिसींमध्ये वेगळ्या कव्हरेजखाली येतो, लॉस ऑफ यूज म्हणतात त्याला. जास्तीचा म्हणजे, घरी महिन्याचा किराणा ८०० होत असेल आणि त्या महिन्यात बाहेर खाण्यावर १,५०० गेले तर मधले ७००. हॉटेलची बिलं आहेत ना? पाठवा. हे पैसे मिळाले तर ते उत्पन्न धरायचं का असं लगेच मनात येईल म्हणून सांगून ठेवते, वाढलेल्या खर्चापुरतं मिळालं तर त्यावर टॅक्स नाही, वाढीव खर्चापेक्षा जास्त मिळालं तरच वरच्या भागावर लागतो.

कंपनी टाळाटाळ करायला लागली तर आधी लेखी कारण मागा, पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली नाही म्हणताय ते. मग टेक्सास डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत आणि कंपनीला त्यांना उत्तर द्यावंच लागतं. पब्लिक ॲडजस्टर नावाचे लायसन्सवाले लोक असतात जे तुमच्या बाजूने क्लेम भांडतात, टेक्सासमध्ये त्यांची फी सेटलमेंटच्या १०% च्या वर जाऊ शकत नाही, पण ५,२०० साठी मला त्याची गरज वाटत नाही, हे तुम्ही स्वतः करू शकता. एक मात्र सांभाळा, एखादा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला की तुमचं डिडक्टिबल मी ॲडजस्ट करून देतो, बिल जरा फुगवून लिहू, तर त्याला दारातूनच नमस्कार करा, टेक्सासमध्ये २०१९ पासून हे सरळसरळ बेकायदेशीर आहे.

आता वहिनींच्या क्लासची खोली. पत्रात तुम्ही ती कंसात टाकलीत पण टॅक्सच्या दृष्टीने तुमच्या अख्ख्या पत्रात तीच एक जागा आहे जिथे काहीतरी मिळू शकतं. फेडरल आपत्तीची अट आहे ती स्वतःच्या वापरातल्या मालमत्तेला. धंद्यासाठी वापरात असलेल्या मालमत्तेचं नुकसान वेगळ्या नियमाखाली येतं, तिथे आपत्ती लागत नाही आणि ती १० टक्क्यांची चाळणही लागत नाही. भाड्याने दिलेल्या घराचंही तसंच, म्हणून वाचकांपैकी कोणाचं दुसरं घर भाड्याने दिलेलं असेल आणि त्यात असा पाइप फुटला असेल तर त्यांनी माझं वरचं "नाही" स्वतःला लावून घेऊ नये, त्यांचा हिशोब वेगळा आहे.

पण वहिनींच्या खोलीला हे लागू व्हायला काही गोष्टी खऱ्या असायला हव्यात. ती खोली फक्त आणि नियमित क्लाससाठीच वापरात हवी. संध्याकाळी मुलं तिथेच टीव्ही बघत असतील, पाहुणे आले की तिथेच गादी पडत असेल, तर नाही, मग ती घरातली एक खोलीच. आपल्याकडे पाहुणे येणारच आणि रिकामी खोली कोणी रिकामी ठेवत नाही, म्हणून वहिनींना एकदा शांतपणे विचारा, उत्तर काय द्यायचं ते आधी ठरवून विचारू नका. दुसरं म्हणजे होम ऑफिसचा, म्हणजे धंद्याला वापरलेल्या घरातल्या जागेचा, खर्च तुम्ही कुठल्या पद्धतीने घेता. चौरस फुटाला ५ डॉलरवाली सोपी पद्धत घेतली असेल तर त्यात दुरुस्ती, नुकसान वगैरे वेगळं मागता येत नाही. फॉर्म ८८२९ भरून प्रत्यक्ष खर्चाची पद्धत घेतलीत तर येतं. २०२५ चं रिटर्न अजून भरलेलं नाही, म्हणजे कुठली पद्धत घ्यायची ते या वर्षासाठी ठरवायला तुम्ही मोकळे आहात, दोन्ही करून बघा कुठलं फायद्याचं पडतं ते.

त्या खोलीचा हिशोब वेगळा मांडायचा. कॉन्ट्रॅक्टरला सांगून बिलातला त्या खोलीचा वाटा वेगळा लिहून घ्या, सीलिंग, भिंत, कार्पेट. समजा तो ४,५०० निघाला आणि इन्शुरन्सच्या पैशातला त्या खोलीच्या वाट्याचा आकडा ३,२००, तर १,३०० उरले. पण थांबा, ते १,३०० लगेच टाकायचे नाहीत. जे पैसे परत मिळायची रास्त आशा आहे ते नुकसान म्हणून धरता येत नाही, आणि तो ५,२०० चा घसारा अजून यायचाय, त्यातला काही भाग याच खोलीच्या कार्पेटचा असणार. म्हणून आधी इन्शुरन्सचं, मग टॅक्सचं, हा क्रम उलटा करू नका. १५ एप्रिलपर्यंत उत्तर आलं नाही तर एक्स्टेंशन घ्या, फॉर्म ४८६८ भरला की रिटर्न भरायला १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते, फक्त टॅक्स देणं लागत असेल तर त्याचा अंदाज काढून तो एप्रिलमध्येच भरून टाका, मुदत रिटर्नला वाढते, पैसे भरायला नाही.

आणि त्या खोलीतलं सामान. टेबलं, व्हाइटबोर्ड, लॅपटॉप भिजले असतील. ते विकत घेतले त्या वर्षी पूर्ण खर्च म्हणून दाखवून टाकले होते का? बहुतेक लहान क्लासवाले तसंच करतात. तसं असेल तर टॅक्सच्या वहीत त्यांची किंमत शून्य आहे आणि शून्याचं नुकसान होत नाही. उलट इन्शुरन्सने त्या टेबलांचे पैसे दिले असतील तर तो उत्पन्नाकडचा विषय होऊ शकतो. इथे मात्र तुम्ही एकदा एखाद्या सी.पी.ए. किंवा एनरोल्ड एजंटसमोर (दोघंही लायसन्सवाले टॅक्सचे जाणकार) कागद घेऊन बसाच, तासाभराची फी वाया जाणार नाही, आणि जाताना मागची तीन वर्षांची शेड्यूल सी, म्हणजे रिटर्नमधली क्लासच्या उत्पन्न-खर्चाची पानं, सोबत न्या. होम ऑफिसचा खर्च क्लासच्या उत्पन्नाच्या वर घेता येत नाही, उरलेला पुढच्या वर्षी ओढता येतो, हेही ते बघून देतील.

राहिलेल्या घराच्या खर्चाचं काय? तो वजा होत नाही पण तो कागद फेकूही नका. घराची टॅक्सच्या दृष्टीने जी मूळ किंमत धरतात, बेसिस, त्यात अपघातानंतर घर पूर्वीसारखं करायला केलेला खर्च मिळवला जातो आणि इन्शुरन्सने दिलेली रक्कम त्यातून कमी केली जाते. तुमच्या बाबतीत ढोबळमानाने जेवढं शेवटी खिशातून गेलं तेवढं बेसिसमध्ये वाढतं. नवराबायकोला राहतं घर विकताना ५ लाखांपर्यंतच्या नफ्यावर टॅक्स नसतो, मागच्या पाच वर्षांतली दोन त्यात राहिलं असलं की झालं, म्हणून कदाचित याचा कधी उपयोग होणारही नाही. पण उद्या नोकरीसाठी दुसरीकडे गेलात आणि हे घर भाड्याने दिलंत तर बेसिस कामाला येतो. एक फोल्डर करा, घर घेतानाचे क्लोजिंगचे कागद, इन्शुरन्सचं एस्टिमेट, कॉन्ट्रॅक्टरची बिलं, सगळे फोटो, आणि घर विकल्यानंतरही काही वर्षं ते ठेवा.

बाकीच्या वाचकांसाठी दोन-तीन गोष्टी पटकन, कारण तुमच्यासारखी पत्रं आणखीही येतात. ज्यांचं नुकसान खरोखर फेडरल आपत्तीत झालंय, म्हणजे जानेवारी २०२५ च्या लॉस एंजलिसच्या आगी किंवा वर सांगितलेला केर काउंटीचा पूर, त्यांना सध्याच्या कायद्याप्रमाणे खास सवलत आहे, तिथे १० टक्क्यांची चाळण नाही, फक्त पहिले ५०० डॉलर वगळायचे, आणि स्टँडर्ड डिडक्शन घेत असाल तरी त्याच्या वर हे मिळतं. पण ही खास सवलत ४ जुलै २०२५ पर्यंत सुरू झालेल्या मोठ्या आपत्तींनाच आहे, त्यानंतरच्या फेडरल आपत्तींना परत १०० डॉलर आणि १०% चाच नियम. फेडरल आपत्तीतलं नुकसान आदल्या वर्षाच्या रिटर्नमध्ये घ्यायचाही पर्याय असतो म्हणजे रिफंड लवकर येतो, तो विचारून घ्या. आणि प्रीमियम वाढेल या भीतीने इन्शुरन्सचा क्लेमच केला नाही आणि सगळं टॅक्समध्ये टाकलं असं चालत नाही, पॉलिसीत बसत होतं तेवढं वजा होत नाही. २०२६ च्या टॅक्स वर्षापासून राज्याने जाहीर केलेल्या आपत्तीही यात आल्यात पण त्याला गव्हर्नर आणि ट्रेझरी सेक्रेटरी दोघांचंही हो लागतं, तेव्हा एका घरातला फुटलेला होज त्यातही बसणार नाही. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांनी मात्र राज्याच्या रिटर्नचं वेगळं बघावं, तिथे राज्याच्या टॅक्ससाठी जुनाच कॅज्युअल्टीचा नियम चालू आहे. टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्सच नाही म्हणून तुमचा प्रश्न तिथे संपतो.

वाळवीचं विचारणारे पण असतात. लाकूड हळूहळू खाल्लं गेलं, बाथरूमच्या फरशीखाली महिनोन्‌महिने झिरपत होतं, हे कॅज्युअल्टी नाहीच, ना टॅक्समध्ये ना बहुतेक पॉलिसींमध्ये, दोन्हीकडे घटना अचानक झालेली असावी लागते.

आणि ज्यांचं घर पुण्यात, नाशकात, ठाण्यात आहे आणि टॅक्स रिटर्न इथे भरतात त्यांच्यासाठी, तिथल्या बंद ठेवलेल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये पाणी शिरलं तर ते इथे वजा होत नाही, कारण फेडरल आपत्ती तिथे जाहीर होऊच शकत नाही. तो भाड्याने दिलेला असेल आणि भाडं तुम्ही इथे दाखवत असाल तर वर सांगितलेला भाड्याच्या घराचा नियम. भारतातल्या रिटर्नमध्ये भाड्याच्या उत्पन्नातून सरसकट ३०% वजावट मिळते, दुरुस्ती त्यातच धरलेली असते, खरा खर्च कितीही झाला तरी वेगळा मागता येत नाही.

तर दादा, या आठवड्यात एवढं करा, पॉलिसीतली ती मुदत शोधा, फायनल बिल आणि पैसे दिल्याचे पुरावे इन्शुरन्सला ईमेल करा, हॉटेलची बिलं त्याच ईमेलमध्ये जोडा, कॉन्ट्रॅक्टरकडून वहिनींच्या खोलीचा वाटा वेगळा लिहून घ्या आणि सी.पी.ए.ची वेळ घ्या. सॉफ्टवेअरमध्ये तो डिझास्टरचा प्रश्न आला की "नाही" वर क्लिक करून पुढे जा. मित्रालाही सांगा, त्याने २०१८ नंतर असं कधी टाकलं असेल तर १०४०-एक्स भरून दुरुस्त करता येतं, आय.आर.एस.चं पत्र येण्याच्या आधी स्वतःहून केलेलं कधीही बरं पडतं. आणि पुढच्या वेळी पुण्याला जाताना घराबाहेर पडण्याआधी मेन वॉटर व्हॉल्व्ह बंद करा, तो कुठे आहे ते शेजाऱ्यांनाही दाखवून ठेवा, मशीनचे दोन्ही होज स्टीलची जाळी असलेले बसवून घ्या, तेही चार-पाच वर्षांनी बदलायचे. इन्शुरन्सचं उत्तर आलं की परत लिहा, नाही म्हणाले तर त्यांचं पत्र जोडून पाठवा, बघू काय करायचं ते.